परतीचे बाण

गेल्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या कोपऱ्याकोपऱ्यावर खडूचे बाण उमटू लागले. बोटभर लांबीचे, पांढरे. कधी दिव्याच्या खांबावर, कधी औषधाच्या दुकानाच्या पायरीवर, कधी कुणाच्या कुंपणाच्या भिंतीवर. मला वाटलं, पोरांचा काही खेळ असेल. भिंगरीची गाडी ढकलत मी रोज त्यांच्यासमोरून जात होते. भिंगरी माझी मुलगी, तेव्हा दीड वर्षाची. आणि मी अशी आई, की तिच्या बाटलीवरची केसाएवढी चीर मला खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून दिसायची. पण हे बाण कुणाचे, ते दिसलं नाही. सगळे आमच्याच घराकडे तोंड करून होते, तेही नाही दिसलं.

ते बाबांचे होते.

माझे वडील चाळीस वर्षं मोजणीदार होते. शेतं, माळ, नदीकाठ, कुणाकुणाच्या भांडणातले बांध, सगळं त्यांनी साखळी टाकून मोजलेलं. त्यांच्या कामाचा एक नियम मला पाढ्यांच्याही आधी पाठ झाला होता: जिथून निघालो तिथंच मोजत परत यायचं. परत आल्यावर सुरुवातीच्या खुंटीत आणि आपल्यात जेवढं अंतर उरतं, तेवढी आपली चूक. माळावर ते सहकाऱ्यांना विचारायचे, "किती आली?" घरी तेच मला विचारायचे. शाळेतून आले, दप्तर टाकलं, की बाबा खुर्चीतून म्हणायचे, "काय साहेब, आज किती आली?" मी अंदाजानं सांगायची. चार बोटं. वीतभर. कुणाशी भांडून आले असेन तर हातभर. दोन बोटं म्हटलं, की ते मान डोलवायचे. "दोन बोटं चालतात. अजिबात आली नाही म्हणणाऱ्यावर मात्र विश्वास ठेवू नये."

आई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले, आणि भिंगरी झाल्यावर तिला सकाळी फिरवून आणणं हे त्यांचं काम झालं. दहाला निघायचे, अकराला परत. एके दिवशी अकरा वाजले, बारा वाजले, एक वाजला. नवऱ्याला शेवटी ते पाण्याच्या टाकीमागच्या बाकावर सापडले, घरापासून बरेच दूर. भिंगरी त्यांच्या मांडीवर गाढ झोपलेली, त्यांचा मफलर तिच्याभोवती गुंडाळलेला, आणि त्यांच्या मुठीत खडूचा तुकडा.

रस्ते धुणारी गाडी त्या दिवशी ते निघाल्यावर येऊन गेली होती.

संध्याकाळी बाबा भिंगरीच्या मोज्यांच्या घड्या घालत बसले होते. घड्या घालता घालता म्हणाले, "साहेब, माझी मोजणी आता जुळत नाही. मला कुठंतरी ठेवा. पोरीबरोबर एकटं मात्र ठेवू नका."

"असं काय बोलता, बाबा," एवढंच मी म्हणाले. "नाही" म्हणाले नाही. मला महिनाभरात कामावर रुजू व्हायचं होतं, भिंगरी पाळणाघरात जाणार होती, आणि दिवसभर घरात एकटे बाबा आणि दाराबाहेर सगळे रस्ते. मी "नाही" म्हणायला हवं होतं का, हे मी अजूनही मधूनमधून स्वतःला विचारते.

त्या दिवसांत भिंगरीला दाढा येत होत्या, म्हणजे मला झोप नव्हती. जागेपणालाही झोपेचा पातळ मुलामा चढला होता. रस्त्यावर धुकं असायचं आणि घरातही असल्यासारखं वाटायचं. मी चहात साखर घालायची आणि ती विरघळताना इतका वेळ बघत राहायची, की चहा निवायचा. अशा अवस्थेत मी वडिलांसाठी घर शोधत होते.

शेवटी दोन जागा उरल्या. एक लहान: सात माणसांची, आठवी खोली रिकामी. एक मोठी: एकशे तीस माणसांची. दोन्हीकडून एकच निरोप होता, शनिवारपर्यंत कळवा.

माझ्याकडे यादी होती. भिंगरीचं पाळणाघर निवडताना मी एका वहीत सव्वीस प्रश्न लिहिले होते. हात कधी धुतात, किती मुलांमागे एक बाई, टेबलांचे कोपरे टोकदार आहेत का, मूल पडलं तर किती वेळात कुणी येतं. नवी यादी करण्याएवढं डोकं चालत नव्हतं. मी "मुलं" खोडून "माणसं" लिहिलं आणि तीच वही पर्समध्ये टाकली.

लहान घरात पाऊल टाकल्याबरोबर माझा जीव भांड्यात पडला. पिवळा बैठा बंगला, दारात पायपुसणं, आत एकच मोठा दिवाणखाना आणि त्याच्याभोवती खोल्या, पिल्लं पोटाशी घेतल्यासारख्या. ते चालवणाऱ्या बाई आधी परिचारिका होत्या, त्यांना सगळे मावशी म्हणायचे. सातही जण एका टेबलाभोवती वाटाणे सोलत बसले होते. खिडकीतून ऊन त्या हिरव्या ढिगावर पडलं होतं. फक्त शेंगा फुटल्याचा टक टक आवाज. मला वाटलं, इथंच एका खुर्चीवर बसावं आणि डोळे मिटावेत.

मावशींनी माझ्या सव्वीसच्या सव्वीस प्रश्नांना उत्तरं दिली, काही तर मी विचारायच्या आधीच. कोपऱ्यांना रबर लावलेलं होतं. रात्री दर दोन तासांनी त्या स्वतः फेरी मारायच्या.

"इथं शिंकलं ना," टेबलावरचे एक निवृत्त मास्तर बाबांना म्हणाले, "तर सात जण विचारतात काय झालं. आणि सातांपैकी पाच जण औषधही सांगतात."

"आणि मास्तर ते पाचही घेतात," शेजारच्या आजी म्हणाल्या. "फुकट मिळालं की झालं!"

सगळे हसले, बाबाही हसले. मग ते उंबऱ्यापाशी गेले, खिशातून खडू काढला, वाकून चौकटीच्या तळाशी एक छोटा बाण काढला आणि दिवाणखान्यातून चालत निघाले. दोन्ही हात पाठीमागे, ओठ मोजत हलणारे. समोरच्या भिंतीपाशी पोचून वळले. तोवर मावशींनी बाण पाहिला होता. ओल्या फडक्यानं त्यांनी तो पुसून टाकला, इतक्या मायेनं, की जणू पोराच्या हनुवटीवरचं दूध पुसतायत.

"काका, इथं नाही हो लागायचं ते! इथं हरवायला जागाच नाही!"

सगळे पुन्हा हसले. बाबाही. खडू त्यांनी परत खिशात ठेवला. मला तर रडूच येईल असं वाटलं, इतकं हलकं वाटलं. हरवायला जागाच नाही. याहून दुसरं काय हवं असतं माणसाला?

परतताना बसमध्ये मी विचारलं, "कसं वाटलं?"

"छान. बाई चांगल्या आहेत. दिवाणखाना चौदा पावलं."

"मग?"

"मग भिंत."

आणि ते खिडकीबाहेर बघत राहिले. धुक्यात घरं एकामागून एक येत होती आणि पुसली जात होती.

घरी आल्यावर त्यांनी माझी वही मागून घेतली आणि चष्मा लावून पहिल्यापासून वाचली. "दात येताना इतरांना चावतो का," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "हे माझ्याबद्दल आहे?"

"ते खोडायचं राहिलं, बाबा."

"असू दे. तिचे येतायत, माझे पडतायत, सरासरी बरोबर आहे." नवरा स्वयंपाकघरात खो खो हसला. बाबांनी वही मिटली. "यादी चोख आहे, साहेब. फक्त एकच प्रश्न सव्वीस वेळा विचारलाय."

"कुठला?"

"याच्यावर नजर कोण ठेवणार."

नवरा हात पुसत बाहेर आला. "अगं, मोठं एकदा बघून तरी ये. बघायला काय जातंय?"

"एकशे तीस माणसं आहेत तिथं! तीन दिवस बाबा कुणाला दिसले नाहीत तरी कळायचं नाही. तूच जा बघायला."

"मी गेलो तर तू म्हणशील नीट बघितलं नाही."

हे खरंच होतं. म्हणून शुक्रवारी मीच गेले, बाबांना आणि भिंगरीला घेऊन. खरं सांगायचं तर नाकारण्याचं कारण गोळा करायलाच गेले.

आणि कारणं दारापासूनच मिळत गेली. इमारत इतकी मोठी, की तिचा वरचा मजला धुक्यात दिसतच नव्हता. आत लांबच लांब मार्गिका. एकसारखी दारं, एकसारख्या खिडक्या, प्रत्येक खिडकीतून फरशीवर उजेडाचा एकसारखा तुकडा. दूर कुठं तरी कुणी तरी खुर्ची सरकवली, आणि तो आवाज आमच्यापर्यंत यायला जणू वेळ लागला. पाण्याखालून चालल्यासारखं वाटत होतं. व्यवस्थापक नीटनेटके गृहस्थ होते. माझ्या प्रश्नांना आकड्यांत उत्तरं देत होते. पंधरा माणसांमागे एक. घंटा वाजल्यापासून चार मिनिटं.

"चार?" मी म्हणाले. मावशींकडे चार पावलं होती.

"सरासरी," ते म्हणाले, आणि मला त्यांचा प्रामाणिकपणाही आवडला नाही.

"ही मार्गिका पुढं कुठं जाते?" बाबांनी विचारलं.

"गोल फिरून इथंच येते, काका. मध्ये बाग आहे, तिच्या चारही बाजूंनी."

बाबा थांबले. "इथंच येते?"

"इथंच."

"मग मी एक फेरी मारू?"

"मारा की, विचारायचं काय!"

मी काही म्हणायच्या आत ते वाकले होते. भिंतीलगतच्या बाकाच्या पायाशी बाण, बाकाकडे तोंड करून. मग हात पाठीमागे, ओठ हलणारे, उजेडाच्या तुकड्यांतून सावलीत, सावलीतून पुन्हा उजेडात, लहान होत होत ते वळणाआड गेले. मला मागं जायचं होतं. पण भिंगरी नुकतीच माझ्या खांद्यावर झोपली होती, तीन दिवसांत पहिल्यांदा धड झोपली होती, आणि व्यवस्थापकांना फोनवर कुणी तरी बोलावलं होतं. मी बाकावर टेकले. दोनच मिनिटं, म्हटलं.

मला दिसलं, की ती मार्गिका म्हणजे नदी आहे आणि बाबा गुडघाभर पाण्यातून साखळी ओढत ती मोजतायत. मी काठावरून विचारते आहे, बाबा, पाणी कसं मोजता? ते म्हणतात, पाणी नाही गं, मी काठ मोजतोय, तू आहेस तिथंच थांब. साखळीची एकेक कडी सुटून चांदीच्या माशासारखी पोहत चालली आहे, आणि ते मागं वळून बघतच नाहीत.

जाग आली ती ओल्या फरशीच्या वासानं. बाबा नव्हते. किती वेळ गेला, कळेना. मार्गिकेच्या टोकाकडून एक बाई फरशी पुसत येत होत्या, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लांब, सावकाश हात मारत. मागं सगळं काळंभोर आणि चकचकीत होत होतं, आरशासारखं, कुणी कधी तिथून गेलंच नसल्यासारखं. मला पाण्याची टाकी आठवली. ती रस्ते धुणारी गाडी आठवली. बाणापर्यंत त्या बाईंना चार हात उरले असतील.

"बाई!" मी ओरडले, पण भिंगरी उठेल म्हणून कुजबुजल्यासारखी ओरडले. "तिथं, बाकापाशी..."

त्यांनी वर पाहिलं नाही. फडक्याचा दांडा उचलला, बाणाभोवती वळसा घेतला, पलीकडे टेकवला आणि पुसत पुढं आल्या. फरशीवर वहीच्या पानाएवढा कोरडा तुकडा राहिला, मध्ये बाण.

"तुमचे वडील का?" माझ्यापाशी आल्यावर त्या म्हणाल्या. "उंच, हात मागं? पुढं अजून दोन काढलेत त्यांनी. एक बागेच्या दाराशी, एक जिन्यापाशी."

"पुसलेत?"

"छे! कुणाची खूण आहे कळल्याशिवाय कशी पुसायची?"

"तसा नियम आहे इथं?"

"नियम कसला आलाय! बारा वर्षं ही फरशी पुसतेय मी. साहेब लोक समोर बघतात, मी खाली बघते." त्यांनी कमरेवर हात ठेवला. "बावीस नंबरच्या आजी आहेत, दाराशी एक चप्पल सरळ ठेवतात, एक उलटी. मागं एका नवीन पोरीनं दोन्ही नीट लावून ठेवल्या, चांगुलपणानं हो. आजी दुपारभर स्वतःचं दार शोधत फिरत होत्या. तेव्हापासून सांगून ठेवलंय सगळ्यांना, वाकडं दिसलं तर हात लावायचा नाही, आधी विचारायचं."

"आणि कुणी पडलं तर?" माझ्या तोंडून गेलंच.

"पडतात की. तुमच्या घरी पडत नाहीत?"

उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत. त्या पुसत पुढं गेल्या.

बाबा उजवीकडे गेले होते, ते डावीकडून आले. आधी फक्त एक ठिपका, मग उजेडाच्या तुकड्यांतून विझत, पेटत एक उंच माणूस. आमच्या एक दार अलीकडेच ते थांबले. इकडं तिकडं पाहिलं. माझं तोंड हाक मारायला उघडलं होतं. ते मी मिटलं. कसं मिटलं, मलाच माहीत. मग त्यांना फरशीवरचा कोरडा तुकडा दिसला, आणि ते चालत येऊन बाणावर उभे राहिले.

"किती आली?" मी विचारलं.

"एक दार." त्यांना धाप लागली होती. "पण जुळली, साहेब! चारशे बारा पावलं. मध्ये एक कारंजं आहे, बंद आहे. एका गृहस्थानं मला थांबवून वाऱ्याची दिशा विचारली. मी सांगितली." त्यांच्या गालांवर थंडीची लाली होती. माळावरून परतल्यावर असायची, तशी.

शनिवारी सकाळी मी दोन फोन केले. पहिला मावशींना. काय सांगावं कळत नव्हतं, म्हणून खरं तेच सांगितलं. "मावशी, तुमच्याकडं मलाच यावंसं वाटत होतं. बाबांना नाही."

पलीकडे त्या हसल्या. "ये की गं, पंचेचाळीस वर्षांनी. खोली ठेवते."

बाबांना पोचवलं त्या दिवशीही धुकं होतं. नवऱ्यानं पेटी आणि कपाटातलं सामान लावून दिलं आणि तो गाडी आणायला पुढं गेला. खोली तळमजल्यावर होती. तोवर बाबा एक फेरी मारून आले होते. मी उशी दोनदा बदलली, घंटेचं बटण तीनदा दाबून पाहिलं. तिसऱ्यांदा आलेली परिचारिका म्हणाली, "ताई, चालतंय ते." बाबांनी भिंगरीच्या कपाळाला कपाळ टेकवलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "निघा आता. गाडी थांबलीय."

मी बाहेर पडले, भिंगरीचं बोट धरून. बाहेरचं दार उजवीकडे होतं असं मला वाटत होतं. उजवीकडे दारं होती. मग अजून दारं. खिडक्यांतून दुधासारखा उजेड येत होता आणि त्यात सगळं सारखं दिसत होतं. डोळे भरलेले असले तर काय, बघायलाच नको. एवढी डोळ्यांत तेल घालून बघणारी मी, आणि मला बाहेरचं दार सापडेना. भिंगरी मात्र मजेत होती. अचानक तिनं बोट सोडवलं आणि खाली बसली. "बा," ती म्हणाली, आणि फरशीवर थाप मारली.

बाण.

जीवात जीव आला. आम्ही बाणाच्या दिशेनं निघालो. पुढच्या वळणावर दुसरा. बागेच्या दाराशी तिसरा, त्याच्याभोवती ओल्या फरशीत कोरडा तुकडा. भिंगरी प्रत्येकापाशी बसायची, थाप मारायची, उठायची. तिच्या पंज्यावर खडूचं पीठ लागलं होतं. बाहेर कारंज्यापाशी एक गृहस्थ बोट ओलं करून वारा बघत होते. मला आता घाई नव्हती. असंच बाण बघत चालत राहावं, असं वाटत होतं. शेवटचा बाण एका दाराच्या चौकटीशी होता. मी दार ढकललं.

बाबा पलंगाच्या कडेवर बसले होते, पायात बूट तसेच.

"काय विसरलीस?"

"काही नाही. बाहेरचा रस्ता शोधत होते. तुमचे बाण बघत बघत आले."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हसू आलं त्यांना, आणि मग ते हसू तसंच थोडा वेळ चेहऱ्यावर राहिलं, आत काहीही नसताना. "बाण बाहेर कशाला नेतील, साहेब? एवढी वर्षं सांगतोय. बाण सुरुवातीकडं."

आमच्या गल्लीतले बाण आमच्या घराकडे तोंड करून होते. मी दारात उभी होते, आणि भिंगरीनं माझा कुडता पांढऱ्या पंज्यानं घट्ट धरला होता.

बाबांनीच विचारलं. "किती आली?"

मला हातभर म्हणायचं होतं. त्याहून जास्त म्हणायचं होतं.

"दोन बोटं," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलवली. "चालतात." मग गुडघ्यांवर हात टेकून ते उठले, खिसा चाचपून खडू आहे ना ते पाहिलं, आणि भिंगरीसमोर आपलं बोट पुढं केलं. "चला, दारापर्यंत सोडतो. परत यायचं मी बघतो."